मेंदीवाली पेटी

मिरज,
२२ नोव्हेंबर २००७

प्रिय कनीजखाला,

हे पत्र तुला रुबिना वाचून दाखवेल. रुबिना, आधी अम्मीच्या पाठीला उशी लाव, तिच्या हातात चहा दे आणि मग सावकाश वाच. मधलं काही गाळायचं नाही. एक-दोन ठिकाणी तुला गाळावंसं वाटेल, तरीही नाही. पत्र हर्षदच्या हाती पाठवते आहे. भाऊ म्हणून माझं एवढं काम तो करेल, उद्या सकाळपर्यंत पोचेल. खाला, फोन का केला नाही असं विचारू नकोस. गेल्या बारा दिवसांत मी सात वेळा फोन केला आणि सातही वेळा तू ‘मी बरी हाय, तू जेवलीस काय?’ एवढंच बोलून फोन रुबिनाच्या हातात दिलास. खुब्याचं हाड मोडून पडलेली बाई मलाच जेवणाचं विचारते! पत्राचं बरं असतं. ते मधेच दुसऱ्याच्या कानाला लावता येत नाही.

पाडव्याच्या दिवशी आईचं फराळाचं ताट परत द्यायला निघालीस. शेजाऱ्याचं ताट रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात तांदळाची गोड सांदणं भरलीस, आणि पाखाडीच्या तिसऱ्या पायरीवर न सुकलेल्या शेवाळावरून पाय गेला. आई सांगत होती की पडलीस तरी ताट सोडलं नाहीस. मांडीच्या हाडाची मान मोडली आणि सांदणं शाबूत. हसावं की रडावं कळत नाही. मी फोन ठेवल्यावर दोन्ही केलं.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे. उजव्या खुब्यातल्या गोळ्याचं रक्त तुटलंय, तो आता जगणार नाही. तो काढून तिथे धातूचा बसवला तर दोन-तीन दिवसांत तू उभी राहशील. नाही बसवला तर हा पलंग तुला सोडणार नाही, आणि तुझ्या वयात पलंग माणसाला काय करतो ते मी रोज वॉर्डात बघते. तू नको म्हणतेस. का नको, ते कोणालाच सांगत नाहीस. यासीन मस्कतहून फोनवर रडला तरी नाही. पण ऑपरेशनचा हट्ट पत्रातून धरणार नाही असा मी रुबिनाला शब्द दिला आहे, आणि जमेल तितका तो पाळणार आहे. आज मला जुनंच काहीतरी सांगायचं आहे. त्यातलं अर्धं तुला माहीत आहे. उरलेलं अर्धं फक्त मला माहीत आहे, म्हणून हे एवढं लिहिणं.

जानेवारी नव्याण्णवमध्ये मी शरीररचनेत नापास होऊन घरी आले ते तुला आठवत असेल. आधी कावीळ झाली, दीड महिना बुडाला, आणि तोंडी परीक्षेत सरांनी हातावर मनगटाचं एवढंसं हाड ठेवून विचारलं, डावं की उजवं? मी उत्तराऐवजी रडायला लागले. बाबा तेव्हा पोस्टात होते. आवाज न चढवता म्हणाले, जूनला एकदा बस, नाही सुटलीस तर इथेच बी.एस्सी.ला नाव घालू. बाबांच्या न चढलेल्या आवाजाला आम्ही सगळेच घाबरायचो. आमच्या वसतिगृहात वरच्या वर्गातली मुलगी खालच्या वर्गातल्या मुलीला हाडांचा संच देते, तसा मलाही मिळाला होता. खऱ्या माणसाचा, जवळजवळ पूर्ण. तो मी गोणपाटाच्या पिशवीत घालून एस.टी.नं रत्नागिरीला आणला, आणि आईनं तो उंबऱ्यावरच अडवला. कोण, कुठला, कसा मेला माहीत नाही आणि तो आमच्या देवांच्या शेजारी राहणार? बाबा म्हणाले, परत पाठवून दे. पाठवला, असं मी संध्याकाळी सांगितलं. खोटं बोलायला मी तिथपासूनच शिकले म्हण ना.

पिशवी घेऊन मी आपल्या दोन घरांमधल्या गडग्याच्या खिंडीतून तुमच्या मागच्या पडवीत आले होते. तू कोळंबी सोलत बसली होतीस. हात धुतलेस, पदराला पुसलेस, पिशवीत डोकावलीस आणि पहिलं काय विचारलंस ते मी जन्मात विसरणार नाही. ‘ह्याला कोण नाय काय गो?’ माणसाचं हाड मातीबाहेर ठेवणं तुमच्याकडेही बरं मानत नाहीत, हे मला तेव्हा कळत नव्हतं. तुला कळत होतं. तरी तू पिशवी जवळ ओढलीस. मग म्हणालीस, ‘पाहुणा हाय. कामाला आलाय. काम झालं का जाईल.’ पडवीत आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या. त्यातली एक घेऊन तू तिच्यात नवा पेंढा घातलास, एकेक हाड निवडून नीट मांडलंस आणि वर तुझी पांढरी ओढणी पसरलीस. माझ्या आईनं दारात थांबवलेल्याला तू घरात जागा दिलीस. खाला, मी त्याबद्दल तुझे आभार कधीच मानले नाहीत. तू मानू दिलेही नसतेस, पण मी तोंडसुद्धा उघडलं नाही.

मग फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. दुपारी दोन ते चार, आळी झोपलेली, आणि आपण दोघी पडवीत. तू एक हाड उचलायचीस आणि मी त्याचं नाव, कूळ, शेजारपाजार सगळं सांगायचं. तुला माझं पुस्तक वाचता येत नव्हतं, पण बकरा तुला पाठ होता. खांद्याचं पसरट हाड बघितल्याबरोबर तू ‘हा फरा’ म्हणालीस. मणके, फासळ्या, नळी, सगळं तुला स्वयंपाकघरातून ओळखीचं. फक्त मनगटानं तुला जेरीला आणलं. ती आठ हाडं तू चिंचोक्यांसारखी सुपात पसरायचीस आणि म्हणायचीस, एवढ्याशा मनगटाला देवानं आठ कशाला दिलंन? त्या आठांमुळे मनगट सगळीकडे वळतं, म्हणून तर तुला सांदणाचं पीठ फेटता येतं, असं मी सांगितलं. त्यावर तू तुझं मनगट फिरवत कितीतरी वेळ बघत राहिलीस. तेव्हा कुठे मलाही पहिल्यांदा वाटलं की ही घोकंपट्टी नाही, ही आपल्याच अंगात चाललेली गोष्ट आहे.

डावं-उजवं मात्र माझ्या डोक्यात शिरेना. हाडांवर कोणीतरी शाईनं इंग्रजी अक्षरं लिहिली होती, ती तुझ्या उपयोगाची नव्हती. एक दिवस मी आले तर प्रत्येक उजव्या हाडावर मेंदीचा एक ठिपका. ‘उजवा हात जेवणाचा, त्याला मेंदी,’ तू म्हणालीस, जणू पुस्तकातलाच नियम. मग तू ठिपका अंगठ्याखाली झाकायचीस आणि मला विचारायचीस. मी चुकले की अंगठा न उचलता नुसती हसायचीस. तुझं ते हसू मला बाबांच्या शांतपणापेक्षा जास्त लागायचं, आणि म्हणूनच मी शिकले.

पाहुण्याच्या डाव्या हाताच्या हाडावरची गाठ तुझ्याच बोटाला लागली. माझं पुस्तक उघडंच होतं, पण माझं लक्ष नव्हतं. मी शोधून वाचून दाखवलं. हाड मोडलं की मोडलेल्या जागी ते आधी मऊ सांधा धरतं, मग तो कडक होतो, आणि पुढे कित्येक महिने हाड स्वतःलाच घासूनपुसून पूर्वीसारखं करत राहतं. हे हाड नीट सांधलं होतं, गाठ राहिली तरी सरळ होतं. म्हणजे कोणीतरी तो हात बांधला होता आणि बरा होईपर्यंत जपला होता. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ‘म्हंजे ह्याला कोण तरी होतं.’ पहिल्या दिवशीचा तुझा प्रश्न तू दीड महिना मनात ठेवला होतास. पुढे कमरेच्या हाडाशी आलो. त्यातली खाच रुंद, अंगठा सहज फिरतो, म्हणजे बाईचं. मी वाचत होते आणि तू न सांगता स्वतःच्या कमरेवर हात ठेवलास. त्या दिवसापासून पाहुण्याची पाहुणी झाली. यासीन मागच्या दारानं येताना दिसला की तू घाईनं पेटीवर ओढणी ओढायला लागलीस.

आता आंब्यांची गोष्ट. ती आपण दोघींनी आठ वर्षांत एकदाही काढलेली नाही. मे महिन्यात तू दरवर्षीप्रमाणे मुंबईला भावाकडे दोन पेट्या पाठवायच्या ठरवल्यास. यासीन घाईघाईनं आला आणि पुढच्या दोन उचलून एस.टी. स्टँडवर घेऊन गेला. तू अजून म्हणतेस की पोराचं लक्ष नव्हतं. खाला, पोराचं काही चुकलं नाही. सकाळी उजेडात बसायला म्हणून पाहुणीची पेटी मी पुढे ओढली होती, आणि मागे ठेवायला विसरले. तिसऱ्या दिवशी तुझ्या भावाचा, अहमदमामांचा फोन आला. तुमच्याकडे फोन नव्हता, म्हणून आमच्याकडे. आईनं तुला हाक मारली, तू ओल्या हातांनी आलीस. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. पलीकडून मामी किंचाळत होत्या ते मला तिथपर्यंत ऐकू येत होतं. पेटी फोडली, ओढणी बाजूला केली, आणि खाली माणसाची कवटी. त्यांची मुलगी तेव्हा तापानं फणफणलेली. सख्ख्या नणंदेनं करणी करून पाठवली, असं त्या धाय मोकलून सांगत होत्या. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. फक्त म्हणालीस, ‘हाव, माझ्याच घरातलं हाय. कोणी हात लावू नका, माझं मी येऊन नेतंय.’ आईनं विचारलं, काय झालं गं? आणि तू सांगितलंस, ‘आंबे नासले.’

मी एक शब्द बोलले असते तर तुझ्यावरचा आळ जागच्या जागी पुसला गेला असता. पण मग आईला पेटी कळली असती, बाबांना कळलं असतं, आणि माझं डॉक्टर होणं त्या स्वयंपाकघरातच संपलं असतं. तू ते एका क्षणात जाणलंस आणि मी ते तुला करू दिलं. तू तेव्हाच्या नव्या कोकण रेल्वेनं एकटी गेलीस आणि पेटी मांडीवर घेऊन परत आलीस. टी.सी.नं हसून विचारलं म्हणे, ‘काय चाची, मुंबईहून रत्नागिरीला आंबे?’ आणि तू म्हणालीस, ‘नासके निघाले, परत नेतंय.’ हे तू मला हसत हसत सांगितलंस. भावानं दार लावून घेतलं, ते नाही सांगितलंस. ते मला रुबिनाकडून कळलं. यासीनचे अब्बा, आपले चाचा, बोटीवरून कायमचे घरी आले आणि वर्षभरात गेले, तेव्हा मामा मय्यतीला आले, पण तुझ्या घरचं पाणी प्यायले नाहीत. मी तिथे उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

जूनमध्ये परीक्षकांनी माझ्या हातात कमरेचं हाड ठेवलं. बाईचं की पुरुषाचं, डावं की उजवं? त्यावर ठिपका नव्हता, पण माझा अंगठा आपोआप खाचेत फिरला आणि मला आपली पडवी दिसली. मी सुटले. पेढे घेऊन आधी तुझ्याकडे आले, तर तू पेढा हातात घेऊन पहिलं विचारलंस, आता पाहुणीचं काय? तुमच्या मिरजोळ्याच्या वाडीत गडग्याजवळ रातांब्याचं झाड आहे, त्याच्याखालची जागा तू मला नेऊन दाखवलीस. हिला हातोहाती फिरवू नको, हय आण, मातीत ठेवू, म्हणालीस. मी हो म्हटलं. तेव्हा मनापासून म्हटलं होतं, शपथ. कॉलेजात थोडा उपयोग आहे, मग आणते, म्हणून पेटी घेऊन मिरजेला आले. आणि सप्टेंबरात खालच्या वर्गातली एक मुलगी रोज माझ्या दाराशी उभी राहायला लागली. तिलाही मनगट येत नव्हतं. वसतिगृहाची रीतच तशी, मलाही तो संच तसाच मिळालेला. मी पेटी देऊन टाकली. दिवाळीला घरी आल्यावर तू विचारलंस, आणि मी म्हणाले, पुरलं खाला, कृष्णेच्या काठी, चिंचेखाली. चिंच कुठून सुचली देव जाणे.

तू लगेच हात वर करून तिच्यासाठी फातिहा म्हटलास. ती कोणत्या धर्माची होती हे तुला माहीत नव्हतं आणि तू विचारलंही नव्हतंस. त्यानंतर दर शब-ए-बारातला घरातल्या गेलेल्यांच्या नावानं हलवा काढतेस, त्यात एक वाटा पाहुणीचा. दोन वर्षं मी तेव्हा घरी होते, आणि तो वाटा तू मलाच दिलास. मीही तो खाल्ला. खाला, आठ वर्षं तू ज्या बाईसाठी दुवा करते आहेस ती मातीत नव्हती. ती वसतिगृहाच्या पलंगांखालून फिरत होती. हेच ते उरलेलं अर्धं. रुबिना, पुढे वाच, थांबू नकोस.

हे मी बहुधा कधीच सांगितलं नसतं. पण रविवारी रुबिनाचा फोन आला. अम्मीला सांगू नकोस, असं तिनं बजावलं होतं, तरी सांगते आहे, नंतर काय ते रागव. तू ऑपरेशनला का नको म्हणतेस ते शनिवारी तू तिला सांगितलंस. तो गोळा काढून डॉक्टर टाकणार कुठे? उद्या माझं हाड कोणाच्या पेटीत जाईल, कोणाच्या पलंगाखाली पडेल, मना काय ठाऊक? शहाण्या डॉक्टरांना तू हे विचारलंच नाहीस, कारण त्यांना ह्याचं उत्तर देता आलं नसतं. आणि मग तू म्हणालीस, ‘ईशाच्या हातातलं असतं तर वेगळं. तिनं पुरलंन तरी असतं.’

ते ऐकलं तेव्हा मी वॉर्डाच्या जिन्यात होते. बघ, किती सोपं होतं. तुला फोन करायचा आणि म्हणायचं, खाला, पाहुणीला पुरलं तसं तुझंही हाड मी मातीत ठेवीन. तू त्याच क्षणी हो म्हणाली असतीस. मी फोन हातात घेतलाही होता. तुझ्या मोडलेल्या हाडाला माझ्या खोट्याचा टेकू लावायचा, एवढंच बाकी होतं. नाही जमलं. तू मला आयुष्यात कधी वाकडं काही दिलं नाहीस, मग मी तुला हे कसं द्यायचं?

मग पेटी शोधायला निघाले. मी जिला दिली होती ती आता इस्लामपुरात डॉक्टर आहे. तिनं पुढचं नाव सांगितलं, त्या मुलीनं तिच्या पुढचं. तीन दिवस फोन चालू होते. शेवटी काल संध्याकाळी आमच्याच वसतिगृहात, मी राहत होते त्याच मजल्यावर, पेटी निघाली. आता पत्र्याच्या ट्रंकेत आहे. पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे, दमयंती, आपल्याकडच्या मंडणगडची. मी नुसतं विचारलं, ठिपके असलेला संच तुझ्याकडे आहे का? ती म्हणाली, ‘मेंदीवाली पेटी? हो मॅडम, सगळे तीच मागतात.’ तुझे ठिपके अजून आहेत, खाला. फिकट झालेत, काहींवर कोणीतरी लाल नेलपॉलिश लावलं आहे, पण एकही चुकीच्या बाजूला नाही. मनगटाचा एक चिंचोका हरवला आहे, तेवढं माफ कर. माझ्यानंतर सहा जण त्या पेटीवर शिकले आणि सहाही जण पहिल्या फेरीत सुटले. दमयंतीनं विचारलं, हे ठिपके कोणत्या सरांनी काढले? मी सांगितलं, सर नव्हेत, माझी खाला, तिला वाचता येत नाही. तिचा विश्वास बसला नाही. तिला मी माझा प्लास्टिकचा संच दिला, आणि उजव्या बाजूला ठिपके काढून घ्यायला सांगितलं.

आणखी एक चूक दुरुस्त करायची आहे. एकदा पडवीत तू विचारलं होतंस, ‘गो, हाड जितं असतं का मेलेलं?’ मी कोरडी हाडं बघून शिकत होते, म्हणून म्हणाले, मेलेलंच, घराचे वासे असतात तसं. साफ चूक. पुढे ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा जितं हाड बघितलं. ते पांढरंफटक नसतं. गुलाबी असतं, ओलं असतं, खरवडलं की त्यातून रक्त येतं. अंगातलं रक्त हाडांच्याच पोटात तयार होतं. नळीत जीव असतो असं तू म्हणायचीस, ते तितकंसं खोटं नव्हतं. हाडात गवंडी असतात, खाला, जुनी भिंत पाडणारे आणि नवी बांधणारे. जन्मभर त्यांना सुट्टी नाही. फक्त त्यांची एक खोड असते. माणूस उभा राहिला, चालला, हाडावर भार पडला, तर ते बांधतात. पडून राहिला तर बांधणारे ढिले पडतात आणि पाडणारे चालूच राहतात. हा हट्ट नाही हं. ही फक्त माहिती आहे.

अहमदमामांना मी सोमवारी फोन केला आणि पेंढ्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘ती बोलली का नाय?’ माझ्यासाठी, मी म्हटलं. ते शुक्रवारी दुपारी गाडीनं येतायत. आल्या आल्या त्यांना पाणी विचार. आईलाही मी कालच सांगितलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. तर म्हणते, ‘कनीजकडे होतं ना, म्हणजे नीट होतं.’ आठ वर्षं उगाच घाबरले.

आता का लिहिलं ते. शनिवारी मी पाहुणीला घेऊन येते आहे. तिकडच्या डॉक्टरांशी बोलले आहे, ऑपरेशनच्या वेळी मी आत उभी राहीन, आणि काढलेला गोळा दुसऱ्या कोणाच्या नाही, माझ्या हातात देतील. मी तो पांढऱ्या कापडात बांधून मामांकडे देईन, मौलवींशी ते बोलले आहेत, कब्रस्तानात जागा आहे. पण एकदा खोटं बोललेल्या पोरीवर विश्वास ठेवायचा की नाही, ते तू ठरवायचंस, आणि ते सगळं कळून ठरवायचंस, म्हणून हे पत्र. पाहुणीला मात्र मी एकटी पोचवणार नाही. रातांब्याखालची जागा तू दाखवली होतीस, तिथपर्यंत तू तुझ्या पायांनी यायचंस, काठी घेऊन, माझा हात धरून, जानेवारीत ये, फेब्रुवारीत ये. तोवर ती तुझ्या पलंगाखाली राहील, तिला तुझ्या घराची सवय आहे. आणि एक सांगते. कुठला पाय ते चुकू नये म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टर त्या पायावर शाईनं खूण करतात. मी त्यांना सांगितलं आहे, ह्या बाईची खूण आम्ही घरूनच करून आणू. तुझा उजवा खुबा आहे, खाला. ‘हो’ म्हणायला फोन करू नकोस, तू पुन्हा जेवणाचंच विचारशील. तुला माझा राग आला असेल तर तसंही राहू दे. पण राग गिळून मला परत पडवीत घेणार असशील, तर शनिवारी मी येईन तेव्हा रुबिनाला मेंदी भिजवून ठेवायला सांग. ठिपका मी काढीन.

तुझ्या पडवीत शिकलेली, तुझीच
ईशा